एकाच कंपनीचं घर

करिष्माच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे. चिखलीतल्या आमच्या गल्लीतली ही जोडघरं तिच्या सासऱ्यांनी आणि माझ्या यजमानांनी मिळून एकाच मिस्त्रीकडून बांधून घेतली होती. ते दोघंही आता नाहीत. भिंतीपलीकडे करिष्मा आणि तिची सासू झुंबरबाई, अलीकडे मी एकटी. करिष्माचा नवरा हर्षल पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. महिन्यातून दोन शनिवार तो यायचा आणि रविवारी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने परत जायचा.

करिष्मा मूळची धामणगाव बढेची. चिखलीत ब्लाऊज शिवणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, पण लग्नसराईत रांग लागायची ती हिच्या दाराशी, कारण हिचा ब्लाऊज खांद्यावरून उतरत नसे. माप घेण्याआधी ती बाईला पाठमोरं उभं करायची आणि नुसतं बघायची. मग म्हणायची, "काकू, उजव्या खांद्यानं काय उचलता रोज? अर्धा इंच उतरला तो." दहातल्या नऊ जणी चकित व्हायच्या आणि एखादी रडायचीच. टाचण्या दातात धरून ती बोलायची, हसायची. आता एखादी गिळते की काय असं मला दर वेळी वाटायचं.

पहिलं खोकं आलं ते दोन वर्षांपूर्वीच्या गुढीपाडव्याला. त्यात फोन होता. वाढदिवसाला मनगटी घड्याळ आलं. मग डिझाईन बघायला म्हणून टॅब, स्वयंपाकघराच्या फळीवर बोलणारा डबा आणि शेवटी दाराच्या चौकटीत कॅमेऱ्याची बेल. सगळी खोकी पांढरी, सगळी एकाच कंपनीची. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. वस्तू चांगल्या होत्या, दोष त्यांचा नव्हता.

"एकाच कंपनीचं घर केलं की कटकट नसते, आजी," हर्षलने मला समजावून सांगितलं होतं. "सगळं एकमेकांशी बोलतं."

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं. झुंबरबाईला मात्र फळीवरचा डबा पहिल्या दिवसापासून खुपला. त्याच्यासमोर जाताना ती डोक्यावरून पदर घ्यायची.

"तो डबा आहे, झुंबरबाई," मी म्हटलं.

"असन डबा. पण बोलते तर बाप्याच्या आवाजात ना, बाई!"

त्या डब्यातून हर्षलही बोलायचा. फोन वाजायचा नाही, एकदम आवाजच यायचा. माझी खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "आज जेवायला तीन का वाजले?" "पावलं अकराशेच झाली. बसूनच होतीस?" "सव्वाअकराला दारात कोण होतं? नऊ मिनिटं बोलत होतीस." करिष्मा सांगायची, अमकी बाई होती, फॉल-पिकोला आली होती. "हो का? बरं." एवढंच. तो कधी आवाज चढवत नसे. मला भीती वाटायची ती त्याचीच.

मी अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, पाहिलं ते आजच लिहा, वाटलं ते उद्या लिहा. ती सवय राहिली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यातल्या माझ्या नोंदी मी आता पाहते तेव्हा त्यांत एक गोष्ट दिसते, जी तेव्हा मला दिसली नव्हती. करिष्माचं बोलणं आखडत गेलं होतं. जूनमध्ये ती दारात उभी राहून गिऱ्हाइकांशी बोलत होती. जुलैत बायकांना आत घेऊन दार लावून बोलायची. ऑगस्टमध्ये माप घेताना नुसते आकडे सांगायची.

एकदा ती माझ्याकडे आली आणि पाटावर बसली. मग म्हणाली, "आजी, या महिन्यात माही पाळी चार दिवस लांबली. मी कॅलेंडरावर पाहाले गेली, तर सासूबाई म्हणे, हर्षलनं कालच सांगतलं मले. म्हणजे मले कळायच्या आधी त्याले कळलं. ह्या घड्याळातून." ती मनगट माझ्यापुढे धरून बसली होती, जणू त्यावर काही लागलं होतं.

आणि गणपतीच्या दिवसांतली ती दुपार. आदल्या आठवड्यात कपडे धुताना तिने घड्याळ काढून धुण्याच्या दगडावर ठेवलं होतं आणि दोन तास तिथेच विसरलं होतं. हर्षल शनिवारी आला. मी मोदकांचं ताट द्यायला गेले तेव्हा तो जेवत होता. जेवता जेवता थांबला, उजवा हात पुसला आणि म्हणाला, "करिष्मा, हात दे." तिने दिला. त्याने घड्याळाचा पट्टा सोडला, एक भोक आत घेतला आणि पुन्हा लावला. मग आणखी एक भोक. "आता पडणार नाही," म्हणाला आणि वरणभात कालवू लागला. माझ्या हातातलं ताट मी कुठे ठेवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या आतच तो पुण्याला गेला. सोमवारी सकाळी करिष्माने मला विचारलं, "आजी, तुमच्या फोनची कंपनी कोणती?"

माझा फोन साधा, दुसऱ्याच कंपनीचा. त्यात बोलता येतं आणि पेपर वाचता येतो.

"मले असाच पायजे," ती म्हणाली. "पण त्याले कळलं तर?"

त्या दिवसापासून आमच्या सगळ्या गोष्टी या दोन शब्दांवर येऊन थांबायच्या. कळलं तर?

बाजारपेठेत गोपालचं मोबाईलचं दुकान आहे. त्याची आई करिष्माची गिऱ्हाईक. आम्ही दोघी भाजीच्या पिशव्या घेऊन मागच्या दाराने गेलो. करिष्माने तिचा फोन आणि घड्याळ घरीच ठेवलं होतं, उशीखाली, झोपली आहे असं वाटावं म्हणून. गोपालने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, ही कंपनी म्हणजे गुळाची ढेप आहे. मुंगी आत जाते मजेत, पण निघाले गेली की पाय चिकटते. तुमचा फोन, घड्याळ, फोटो, सारं दादाच्या खात्यात आहे. एक वस्तू जरी काढली, तर त्यायच्या मोबाईलवर घंटी वाजन."

"मग?"

"मग काढूच नका. ते घर हाय तसं राहू द्या. जुना फोन घरी चार्जिंगले लावून ठेवा आन् हा नवा वापरा. हळूहळू गिऱ्हाइकांचे नंबर ह्याच्यात लिहा. एक दिवस त्या घरात फक्त सामान राहीन, तुम्ही नसान."

त्याने तिला दुसऱ्या कंपनीचा साधासा फोन दिला. सिम माझ्या आधारकार्डावर घेतलं. करिष्माने तो फोन हातात उलटसुलट केला आणि विचारलं, "हा कोणाशी बोलत नाही ना?"

"तुमच्याशीच बोलन," गोपाल हसला. ती हसली नाही.

राहिलं घड्याळ. एखादा तास ते उशीखाली खपलं, पण रोज खपणार नव्हतं. फोन चार्जिंगला लावता येतो, पण घड्याळाला हात लागतो, नाडी लागते. बाहेर जायचं तर ते काढावं लागणार आणि काढलं की त्याला कळणार. हा पेच सोडवला झुंबरबाईने. सून रिकाम्या मनगटाने घाईघाईत आत आली ते तिने एकदा पाहिलं. उशीखालचं घड्याळ काढून स्वतःच्या हातात अडकवलं, बांगड्यांच्या मागे.

"आत्याबाई, हे काय?" करिष्मा घाबरली.

"माह्या पोरानं घेतलं, मी घातलं तर काय झालं? तू जाय, कुठी जायचं थे. मी फिरतो घरातल्या घरात. त्याले पावलं पायजेत ना? देतो त्याले पावलं." आणि ती खरंच अंगणातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात येरझारा घालू लागली. माझ्या खिडकीतून मला दिसायची, दर फेरीला मनगट वर करून आकडा बघायची आणि डब्याकडे तोंड करून जीभ दाखवायची. करिष्मा त्या दिवशी खूप दिवसांनी हसली. मीही हसले. दोन आठवडे हे असंच चाललं. हर्षल घरी आला की घड्याळ पुन्हा सुनेच्या हातात.

मग आली दिवाळीची साफसफाई. सतरा ऑक्टोबर, गुरुवार. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी अन्नपूर्णा त्या दिवशी गल्लीत आली. ती नांदुऱ्याची. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. साठीच्या पुढची असेल, पण आवाज असा की बेलची गरज नाही. वर्षभर ती गावोगाव फिरते, दिवाळीच्या आधी जरा जास्तच. आम्ही तिघी माझ्या पायरीवर तिच्याभोवती बसलो. करिष्माने चार साड्या आणि हर्षलच्या दोन जुन्या पँटी काढल्या. तिला एक मोठा गंज हवा होता, दूध तापवायला.

"चार साड्यांत गंज? बाई, ह्या साड्या तर चाळणीच्याही लायक नाहीत," अन्नपूर्णा म्हणाली. "जाळीतून चंद्र पाहाले कामी येतीन."

"पँटी पाहा की! एक वेळही घातल्या नाहीत त्यायनं."

"मग माणूस आहे का पुतळा? अजून काहीतरी टाका बाई, पाह्यजे तर झाकण पण देतो."

मीच म्हटलं, "करिष्मा, ती काळी पर्स दे. बंद तुटलाय, तू नवी घेणारच आहेस." मी म्हटलं. हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. करिष्माने पर्स रिकामी केली, एकदा झटकली आणि दिली. अन्नपूर्णाने ती गाठोड्यात टाकली नाही. तुटलेल्या बंदाला जागच्या जागी गाठ मारली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. "ही मलेच. धंद्याची चिल्लर ठेवाले." गंजावर झाकण मिळालं. आम्हाला वाटलं, आपण जिंकलो.

त्यानंतरच्या आठवड्यात डब्यातला आवाज कमी झाला. आधी दिवसातून पाच-सहा वेळा यायचा, मग दोनदा, मग एकदा. दिवाळीला हर्षल एकच दिवस आला. फराळाच्या ताटावर बसून फोनमध्ये बघत राहिला, करिष्माकडे एकदा बघितलं, पुन्हा फोनमध्ये. पट्टा तपासला नाही. करिष्माने भाऊबीजेला माहेरी जाऊ का विचारलं. तो म्हणाला, "तुला विचारावं लागतं का?" आणि हसला. ती गेलीच नाही.

पुढचा त्याचा शनिवार आला आणि गेला. तो आला नाही. फोनही नाही.

"सोडलं वाटते त्यानं," करिष्मा म्हणाली. तिचं मशीन पुन्हा दार उघडं ठेवून चालू लागलं होतं. नव्या फोनवर गिऱ्हाइकांचे फोन येत होते. दातात टाचण्या आल्या होत्या. मी त्या दिवशी लिहिलं, करिष्मा बरी आहे. दुसऱ्या दिवशी वाटलेलं लिहायचं, म्हणून लिहिलं, मला बरं वाटत नाही. जो माणूस नऊ मिनिटं मोजतो, तो आठवडाच्या आठवडा कसा सोडून देतो?

एका सोमवारी दुपारी डबा बोलला. झुंबरबाई पोळ्या लाटत होती, हातात घड्याळ.

"आई, करिष्मा घरी आहे?"

"हाव, आहे ना. मशीनवर बसली."

"नक्की?"

"मंग काय खोटं सांगतो का मी तुले?"

"नाही. घड्याळही तेच म्हणतं." मग, "आई, तू जेवून घे वेळेवर." आणि आवाज बंद.

झुंबरबाई लाटणं हातात धरून माझ्या खिडकीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चारच्या सुमारास करिष्माच्या नव्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे अन्नपूर्णाची मुलगी छाया रडत होती. पर्सच्या आतल्या कप्प्यात करिष्माच्या शिलाईचं कार्ड राहिलं होतं; त्यावर तिने पेनाने नवा नंबर लिहिलेला होता. छायाने विचारलं, "ताई, माह्या मायनं तुमची पर्स चोरली काय? खरं सांगा."

बुधवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी नांदुऱ्याला गेलो. अन्नपूर्णा दवाखान्यात होती. उजवं मनगट आणि खुब्याचं हाड मोडलेलं. ती तशीही मोठ्याने बोलायला गेली, पण आवाज बारीकच निघाला.

"चोराची मोटरसायकल नाही, काही नाही. चांगला इस्त्रीचा शर्ट," ती म्हणाली. "मी स्टँडवर बसली होती टोपली घेऊन. हा फोन पाहात पाहात आला. माह्या भवती एक चक्कर मारली, दोन चक्कर मारल्या. मंग म्हणे, कुठी आहे ती? मी म्हटलं, कोण बाप्पा? म्हणे, कुठी आहे ती, कोणासंग आली? आन् पर्स धरली. माही चिल्लर होती तिच्यात. मी काऊन सोडू? तर त्यानं माह्या हाताचा पिळा केला, कपडा पिळते तसा. मी ओट्यावरून खाली पडली. लोक जमले तर म्हणे, ही चोर आहे."

"तुम्ही त्याले काय सांगतलं?" करिष्माने विचारलं.

"खरं थेच. चिखलीच्या शिलाईवाल्या बाईनं गंजावर देली म्हणून."

करिष्माने पर्स मागितली. ती छायाकडेच होती, तिचा दुसरा बंदही आता तुटलेला. करिष्माने ती उलटी केली आणि अस्तरावरून बोट फिरवत गेली. तळाच्या कोपऱ्यात बोट थांबलं. तिथे तीन इंच शिवण हाताची होती. दोरा काळाच, पण टाके मोठे, एकमेकांपासून लांब.

"हे माहे टाके नाहीत," ती म्हणाली. "आजी, दुसऱ्याच्या ब्लाऊजचा एक टाका सरकला तर मले दिसते. आन् हे मी रोज खांद्याले लावून फिरली."

तिने दातांनी दोरा तोडला. आत रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी चकती होती. तशी एक हर्षलच्या किल्ल्यांना आम्ही दोघींनी पाहिली होती, किल्ल्या हरवू नयेत म्हणून. त्या कंपनीचा फोन घेतलेलं कोणीही जवळून गेलं, तर ही चकती गुपचूप तिच्या मालकाला जागा कळवते. करिष्माचा स्वतःचा त्या कंपनीचा फोन सोबत असता, तर कदाचित त्याने तिला सावध केलं असतं. तो फोन घरी चार्जिंगला होता.

मी अन्नपूर्णाला विचारलं, "पर्स घेतल्यापासून तू कुठे कुठे फिरलीस?"

"जिथी रोज जातो तिथी. मोताळा, बुलढाणा, चिखली. धामणगाव बढेच्या बाजाराले तर दर हप्त्याले. तिथी मुक्काम असते माहा."

करिष्माने माझा हात धरला. आम्ही दोघींनी एकच गोष्ट पाहिली, महिनाभर हर्षलच्या फोनवर दिसलेली. घड्याळ म्हणत होतं, बायको घरात आहे, चालते आहे, नाडी ठीक आहे. पर्स म्हणत होती, ती एसटीने हिंडते आहे, दर आठवड्याला माहेरच्या गावी मुक्काम करते आहे, नांदुऱ्याला उतरते आहे. त्याने घड्याळ खोटं ठरवलं. नंतर तो त्या ठिपक्याच्या मागे पुण्याहून आला आणि तिथे एक म्हातारी सापडली.

"हा पिळा माहा होता," करिष्मा म्हणाली. "तिच्या हाताले बसला."

त्याच दुपारी ती छायासोबत पोलिसांकडे गेली आणि पर्स मी दिली, चोरी झाली नाही, असं लिहून दिलं. चकतीही तिथेच दिली. शुक्रवारी छायाचा फोन आला. हर्षलला बोलावलं होतं. तो हात जोडून आला, अन्नपूर्णाच्या पाया पडला, गैरसमज झाला म्हणाला, दवाखान्याचं सगळं बघतो म्हणाला. अन्नपूर्णाच्या घरच्यांनी तक्रार मागे घेतली. "इतका गोड माणूस, ताई," छाया म्हणाली, "माह्या मायलेच वाटाले लागलं, आपलंच काही चुकलं काय."

झुंबरबाईला आम्ही सगळं सांगितलं होतं. तरी घड्याळ तिच्या हातातच होतं. छायाचा निरोप ऐकल्यावर मात्र तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं. दोन महिन्यांत त्या जागी कातडीवर पांढरा पट्टा उमटला होता.

"त्याचा बाप असाच पाया पडे," ती म्हणाली. "पाया पडला की समजायचं, आता पुढची खेप भारी आहे. करिष्मा, माहेरी नको जाऊ. माहेर त्याले माहीत आहे."

"मंग कुठी जाऊ?"

"ते मलेही नको सांगू. मी माय आहे त्याची. मले विचारलं तर माह्या तोंडातून निघन."

शनिवारी अकरा वाजता हर्षल आला. मी तिथेच होते, मुद्दाम. त्याने वाकून मला नमस्कार केला, आईला केला. मग पिशवीतून दोन खोकी काढून मशीनवर ठेवली. ती पांढरी नव्हती. करिष्माच्या नव्या फोनची जी कंपनी, तिचीच होती.

"मी विचार केला," तो म्हणाला, "तुला ही कंपनी आवडली तर मीच का त्या जुन्यात अडकून राहू? मीपण बदललं सगळं. एक माझा, एक तुझा, त्याच्यापेक्षा चांगला. घड्याळही येतं यांचं. खातं उघडलंय, दोघांचं." त्याने आईच्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. "आईला उगाच त्रास दिलास. या वयात किती चालायला लावलंस तिला."

नव्या फोनबद्दल त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कार्डावरचा नंबर त्याने वाचला असेल, किंवा पोलिसांकडच्या कागदावरचा. कंपनी कशी शोधली, ते मला अजून कळलेलं नाही.

करिष्मा म्हणाली, "चहा टाकतो."

ती स्वयंपाकघरात गेली. दूध ओतल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. हर्षल मला त्या फोनचे गुण सांगत होता. त्याचा कॅमेरा, त्याची बॅटरी. झुंबरबाई माझ्या शेजारी बसून स्वतःच्या बांगड्या फिरवत होती, एक एक करून. मी 'हो का', 'अरे वा' म्हणत होते. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कोणाचं ऐकलं नसेल. मग जळल्या दुधाचा वास आला. आधी थोडा, मग घरभर.

हर्षल बोलता बोलता थांबला.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. त्याने गॅस बंद केला, शांतपणे, फडक्याने भांडं उतरवलं. मग फोन काढला आणि नंबर लावला. बाहेरच्या खोलीत, मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली करिष्माचा नवा फोन वाजू लागला. तो वाजून थांबेपर्यंत आम्ही तिघं त्या खणाकडे बघत उभे होतो.

ही गोष्ट होऊन पाच महिने झाले. गोपालला मी विचारलं नाही, धामणगाव बढेला विचारलं नाही. झुंबरबाई आणि मी एकमेकींनाही विचारत नाही. ती कुठे आहे हे मला माहीत नाही, म्हणूनच मी हे लिहू शकते. शुक्रवारी संध्याकाळी एका चिठ्ठीवर मी माझा नंबर लिहून तिला दिला होता. तिने तो वाचला नाही, चिठ्ठी घडी करून माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाली, "पाठ झाला तर अडचण होईन, आजी. कधी मन झालं तर लावून बसीन मी."

हर्षल आता दर शनिवारी येतो. आईशी बोलतो, भाजी आणून देतो, मग माझ्या पायरीवर येऊन बसतो. आवाज चढवत नाही. गेल्या शनिवारी त्याने माझी तब्येत विचारली, मग हात पुढे करून म्हणाला, "आजी, तुमचा फोन बघू."

मी म्हटलं, "चार्जिंगला आहे."

"जुना झाला तो. तुम्ही एकट्या राहता, काही कमीजास्त झालं तर?" त्याने पिशवीतून खोकं काढलं आणि माझ्या पायरीवर ठेवलं. "सिम तेच ठेवा, नंबर बदलू नका. मी बसवून देतो."

"मला नको, हर्षल. घेऊन जा."

"राहू द्या," तो उठत म्हणाला. "आज ना उद्या ती तुम्हालाच फोन करेल."